कॉम्प्युटर निळा पडतो आणि दर वेळी वेगळी सबब सांगतो

दुपारची झोप | सोम, रात्री ९:४०

मंडळी, वैताग आलाय म्हणून धागा काढतेय.

घरी चार वर्षांचा डेस्कटॉप आहे, विंडोज ११. दिवसा मी त्यावर भाषांतराची कामं करते, संध्याकाळी मुलगा गेम खेळतो आणि रात्री नवरा जुन्या एक्स्टर्नल डिस्कवरचे फोटो कॉम्प्युटरवर घेऊन वर्षवार लावत बसतो. गेले दोन महिने हा प्राणी मधूनच निळा पडतो. रडका चेहरा दाखवतो, टक्के मोजतो आणि आपला आपण पुन्हा सुरू होतो. आठवड्यातून दोनदा तरी. एकदा खाली मेमरी मॅनेजमेंट लिहिलं होतं, एकदा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, परवा पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. शाळेला दांडी मारणाऱ्या पोरासारखी दर वेळी नवी सबब.

दुरुस्तीवाला आला आणि फॉरमॅट मारून गेला. आठ दिवस गुण आला. नवव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. आता म्हणतो, पुन्हा एकदा फॉरमॅट मारू.

प्रश्न दोन. घरच्या घरी यावर काय करता येईल? आणि मुळात अशा भानगडी उद्भवूच नयेत म्हणून तुम्ही मंडळी काय काळजी घेता?

अवांतर: काल कामाची एक झिप फाइल उतरवली तर उघडताना सीआरसी एरर. पुन्हा उतरवली, उघडली. नेटचा दोष असणार, याच्याशी संबंध नाही. आता सगळंच नकोसं झालंय म्हणून लिहिलं इतकंच.


उंटावरचा शहाणा | सोम, रात्री ९:४३

बंद करून पुन्हा चालू करून पाहिलात का? (दिवा घ्या.)


खटपट्या | सोम, रात्री १०:०५

@उंटावरचा शहाणा, तुम्ही विनोद केलात, पण त्यात एक मेख आहे. विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आला. त्यात 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. तो डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलून पुढे चालू. 'रीस्टार्ट' म्हटलं तरच सगळं खरोखर पहिल्यापासून सुरू होतं.

आमचे बाबा लॅपटॉप रोज रात्री न चुकता बंद करतात. तरी तो गोगलगाय झालेला. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली 'अप टाइम' पाहिला तर १९ दिवस! बाबा म्हणाले, हे खोटं बोलतंय. रीस्टार्ट केलं, प्रिंटरही चालू झाला आणि ब्लूटूथचा माऊसही जागा झाला. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं तरी तो पूर्ण बंद होतो. बाबांना तेवढंच शिकवलंय.

झोपताई, तुमच्या दुखण्यावर हा उतारा नाही, पण दुसऱ्या प्रश्नाचं माझं पहिलं उत्तर हेच.


आगाऊ | सोम, रात्री १०:२०

फॉरमॅट मारा आणि सुटा. मी दर वर्षी मारतो. कॉम्प्युटर नव्यासारखा पळतो. कारणं शोधत बसायला वेळ कुणाला आहे?


अर्धविराम | सोम, रात्री १०:५१

@आगाऊ, एकदा मारून झालाय की. फॉरमॅटनंतर तेच दुखणं परत आलं याचा अर्थ ते विंडोजमध्ये नाही, बाहेर कुठेतरी आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला देऊन काय होणार?

झोपताई, तीन गोष्टी सांगा.

पहिली, त्या पडद्यांचे फोटो काढलेत का? नसतील तर यापुढे काढा. लोक 'काहीतरी एरर येते' म्हणतात आणि वाचण्याआधी ओके दाबून मोकळे होतात. अर्धं निदान त्या दोन ओळींत असतं.

दुसरी, स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा. रिलायबिलिटी हिस्टरी म्हणून एक आलेख दिसेल, ज्या दिवशी काही कोसळलं तिथे लाल फुली. पहिली फुली कधीची?

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, त्या पहिल्या फुलीच्या आसपास काय बदललं? नवं उपकरण, नवा ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर), नवं अँटिव्हायरस, काहीही. दर वेळी एकच कोड आला असता तर मी एखाद्या ड्रायव्हरवर संशय घेतला असता. वेगवेगळे कोड येतायत, हे मला आवडलेलं नाही.


दुपारची झोप | सोम, रात्री ११:१५

फॉरमॅटमुळे जुना आलेख गेला बहुतेक, नंतरच्या फुल्याच दिसतायत. बदललं म्हणाल तर काहीही नाही. तोच डबा, तोच स्क्रीन, तीच माणसं.


चिमटा | सोम, रात्री ११:३२

एक शंका. पडदा अजून निळा आणि रडका चेहरा आहे म्हणताय? विंडोज ११मध्ये २०२५च्या अपडेटपासून तो काळा झालाय आणि चेहरा गेलाय. तुमचे अपडेट थांबवलेले दिसतात.


दुपारची झोप | सोम, रात्री ११:४०

अगंबाई, खरंच. सेटिंगमध्ये 'पॉज्ड' लिहिलंय. अपडेटमुळेच बिघडतं म्हणून दुरुस्तीवाल्याने थांबवले होते. आत्ता चालू केले.


जुना रेडिओ | मंगळ, सकाळी ७:१०

डब्याचं झाकण उघडून किती वर्षं झाली? उष्णता हा पहिला शत्रू. पंख्यावर आणि त्याच्या खालच्या पत्र्यांवर धुळीचा नमदा बसतो, हवा फिरत नाही, प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर थेट बंद पडतो. लोकांना वाटतं व्हायरस आला.

साफ करताना वायर काढा, बटण दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, डब्याच्या धातूला हात लावा म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरेल. मग मऊ ब्रश आणि हवेचा फवारा. फवारा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मी एकदा हौसेने भिरभिरू दिलं, छान शिट्टी वाजली. त्यानंतर तो पंखा कायम खरखरतच राहिला.

आणि रॅमच्या, म्हणजे चालू कामाच्या मेमरीच्या, पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवा. निम्मे आजार तिथेच बरे होतात.


चिमटा | मंगळ, सकाळी ८:०२

काका, बाकी सगळ्याला +१, पण खोडरबर नको. तो मुलामा फार पातळ असतो आणि खोडरबर म्हणजे शेवटी घासकागदाचा लांबचा भाऊ. वर त्याचा कचरा स्लॉटमध्ये पडतो तो वेगळाच. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सुटणारं कापड वापरा.


जुना रेडिओ | मंगळ, सकाळी ८:१५

तीस वर्षं खोडरबर वापरतोय. एकही पट्टी मेली नाही.


चिमटा | मंगळ, सकाळी ८:१७

नुसती काढून पुन्हा बसवल्यानेही त्यातल्या बऱ्याचशा बऱ्या झाल्या असत्या. गुण बसवण्याचा, श्रेय खोडरबराला.


जुना रेडिओ | मंगळ, सकाळी ८:३०

हे मात्र नाकारता येत नाही.


टिंबटिंब | मंगळ, सकाळी १०:४४

माझा अनुभव. एके सकाळी कुठलीच साइट उघडेना. प्रत्येक ठिकाणी 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही', सर्टिफिकेट चुकीचं. मी घाबरून सगळे पासवर्ड फोनवरून बदलले, राउटर रीसेट केला, दोन तास नेटवाल्यांशी भांडले. मुलगी कॉलेजातून आली, खालच्या कोपऱ्यात बोट ठेवून म्हणाली, आई, हा कॉम्प्युटर काही वर्षं मागे राहतोय.

तारीख! मदरबोर्डवर नाण्याएवढी बॅटरी असते, सीआर२०३२, ३ व्होल्टची. ती संपली की वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं. कॉम्प्युटरच्या मते साइटचं सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून तो विश्वास ठेवत नाही. काखेत कळसा आणि मी गावभर हिंडून आले.


उंटावरचा शहाणा | मंगळ, सकाळी ११:०१

माझा याहून भारी. पासवर्ड बरोबर टाकतोय, घेत नाही. पाच वेळा टाकला, घेत नाही. बायकोवर संशय घेतला. शेवटी कळलं की आदल्या रात्री इथेच प्रतिसाद लिहून झोपलो होतो आणि कीबोर्ड मराठीतच राहिला होता. विंडोजची कळ आणि स्पेस दाबली, कीबोर्ड इंग्रजीत आला. बायको अजून सुटलेली नाही.


खिडकीतली मांजर | मंगळ, दुपारी १२:२०

नावाप्रमाणेच घरात खरी मांजर आहे. तिने आजवर कीबोर्डवर चालून केलेले पराक्रम: स्क्रीन उलटी करणं (जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर कंट्रोल, आल्ट आणि खालचा बाण), स्टिकी कीज लावणं (पाच वेळा शिफ्ट), आणि इन्सर्ट दाबून ठेवणं, ज्यामुळे मी दुरुस्त करायला गेले की पुढची अक्षरं एकेक करून खाल्ली जात होती. पूर्ण एक परिच्छेद गिळला गेल्यावर लक्षात आलं.

पण एक गंभीर. लॅपटॉपचा टचपॅड क्लिक होईना. मला वाटलं मांजरीचे केस अडकले. खालून पाहिलं तर लॅपटॉप टेबलावर डुगडुगत होता, तळ मधोमध फुगलेला. बॅटरी फुगून टचपॅडला आतून ढकलत होती. असं दिसलं तर चार्जर काढा, बंद करा, टोचू-दाबू नका, आणि जाणकाराकडून बॅटरी बदलून घ्या. 'चालतंय तोवर चालू दे' हे तिथे लागू नाही.


आगाऊ | मंगळ, दुपारी १:०५

रजिस्ट्री (विंडोजची सेटिंगची नोंदवही) साफ करणारा क्लीनर टाका की एखादा. माझ्यात एकदा १,२०० एरर सापडल्या, सगळ्या एका क्लिकमध्ये साफ.


अर्धविराम | मंगळ, दुपारी १:४०

आणि साफ केल्यावर नेमकं काय सुधारलं? रजिस्ट्रीतल्या अनाथ नोंदी काही खात नाहीत, पीत नाहीत. साप साप म्हणून भुई धोपटायचा धंदा आहे तो. अशी हत्यारं वापरण्याला मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही, कारण चुकीची नोंद उडाली तर विंडोज उठतच नाही.

तीच गोष्ट डीएलएलची, म्हणजे प्रोग्रामांना लागणाऱ्या सामायिक फाइलींची. 'एमएसव्हीसीपी१४० डीएलएल सापडत नाही' असं आलं की लोक कुठल्या तरी साइटवरून ती एकटी फाइल उतरवून आत कोंबतात. ती व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या रीडिस्ट्रिब्युटेबल संचाची असते. तो आख्खा संच मायक्रोसॉफ्टकडून घेऊन बसवायचा, दोन मिनिटांचं काम.

विंडोजच्या स्वतःच्या फाइली बिघडल्याचा संशय असेल तर दुरुस्तीची सोय घरातच आहे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी डिसमची रीस्टोअर हेल्थ चालवायची, मग एसएफसी, एक स्पेस, तिरकी रेघ, स्कॅननाऊ. पहिली दुरुस्तीचं सामान नीट करते, दुसरी त्या सामानाने दुरुस्ती करते. क्रम उलटा केला तर दुसरी कधीकधी 'जमलं नाही' म्हणून हात वर करते.


रोमातला माणूस | मंगळ, दुपारी ३:१८

चार वर्षं रोमात, म्हणजे नुसता वाचतोय, आज पहिला प्रतिसाद.

माझ्या मावशीला स्क्रीनभर लाल पाटी आली: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस, लगेच या नंबरवर फोन करा. भोंगा वाजत होता, पाटी बंद होत नव्हती. तिने फोन केला. पलीकडच्या माणसाने गोड आवाजात तिला इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावला. तिथे लाल खुणा आणि पिवळे त्रिकोण शेकड्याने. 'बघा आजी, किती पोखरलंय.' मावशी रडकुंडीला. त्याने दूरवरून ताबा घ्यायचं सॉफ्टवेअर टाकायला सांगितलं, तेवढ्यात मी घरात शिरलो आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

गोम अशी की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लाल खुणा प्रत्येकाच्याच असतात. ठणठणीत कॉम्प्युटरवरही. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा उठली तरी तिथे नोंद होते. मी मावशीला माझा लॅपटॉप उघडून तीच यादी दाखवली, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. तो लाल पाटीचा प्रकारही नुसतं पूर्ण स्क्रीन केलेलं वेबपान असतं. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर मारायचा, खेळ खलास. खरी एरर कधी फोन नंबर देत नाही.


टिंबटिंब | मंगळ, दुपारी ३:२५

तुम्हाला रोमातून बाहेर काढलं कुणीतरी, झोपताईंचा धागा धन्य झाला. शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवते.


जुना रेडिओ | मंगळ, संध्या. ६:००

वहीवरून आठवलं. कॉम्प्युटरच्या दोषाला बग म्हणतात ते एका खऱ्या किड्यावरून. ९ सप्टेंबर १९४७ला हार्वर्डच्या मार्क २ यंत्राच्या रिलेमध्ये पतंग अडकला होता. संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपरबाईंनी तो काढून वहीत चिकटवला आणि शब्द जन्मला.


टिंबटिंब | मंगळ, संध्या. ६:२२

काका, पतंग खरा, तारीखही खरी, वही अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. पण तो हॉपरबाईंनी शोधलेला नव्हता, त्यांनी किस्सा जगभर सांगितला. शब्द तर त्याहून जुना. एडिसनच्या १८७८च्या पत्रात यंत्रातल्या दोषांना बग म्हटलेलं आहे. वहीत 'प्रत्यक्ष किडा सापडल्याची पहिली घटना' असं लिहिलंय ना, तो विनोद आहे. शब्द आधी रूढ नसता तर विनोदच झाला नसता.


जुना रेडिओ | मंगळ, संध्या. ६:३०

आज माझा दिवस नाही. आधी खोडरबर, आता पतंग.


चिमटा | मंगळ, रात्री ८:४५

काळजी काय घ्यावी या प्रश्नावर. बाकी सगळं एका बाजूला आणि बॅकअप एका बाजूला. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला ३-२-१ नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. कायम जोडून ठेवलेली डिस्क हा बॅकअप नव्हे. खंडणीवाला व्हायरस आला तर तीही कुलूपबंद होते.

डिस्क मरण्याआधी बहुधा कुरकुरते. क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे बघा. 'रीॲलोकेटेड' आणि 'करंट पेंडिंग' सेक्टर शून्य हवेत. वाढत असतील तर चेकडिस्क वगैरे घासत बसू नका, आधी माल बाहेर काढा. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला पूर्ण तपासायला लावणं म्हणजे आजाऱ्याला जिने चढायला लावणं.


खटपट्या | मंगळ, रात्री ९:१०

एक मजेशीर भानगड. माझा वायरलेस माऊस फक्त बॅकअप घेताना अडखळायचा. बॅटरी बदलली, माऊस बदलला. तेच. मग लक्षात आलं, माऊसचा डोंगल आणि एक्स्टर्नल डिस्क शेजारशेजारच्या यूएसबीत. यूएसबी ३ची वर्दळ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करते, त्यावर इंटेलने २०१२मध्ये निबंधच काढलाय. डोंगल एक्स्टेंशन वायर लावून पुढे आणला, माऊस लोण्यासारखा. नवा माऊस फुकट गेला म्हणा.


अर्धविराम | मंगळ, रात्री १०:३७

धागा पुन्हा वाचत होतो आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

झोपताई, ती झिप फाइल! तुम्ही अवांतर म्हणून टाकली आणि आम्ही सगळे ओलांडून गेलो. सीआरसी म्हणजे पुडीवर लिहिलेली बेरीज. उघडताना कॉम्प्युटर आतला माल पुन्हा मोजतो, बेरीज जुळली नाही तर सीआरसी एरर. नेटवरून येताना प्रत्येक पुडक्याची वेगळी तपासणी होत असते, त्यामुळे फाइल नेटमुळे गुपचूप बिघडणं दुर्मीळ. पण फाइल डिस्कवर जाण्याआधी आणि तिथून वाचताना रॅममधून जाते. रॅमने एखादा बिट इकडचा तिकडे केला की झालं. पुन्हा उतरवली तेव्हा ती रॅमच्या दुसऱ्या कोपऱ्यात पडली आणि वाचली.

दर वेळी वेगळा कोड, फॉरमॅटने फरक नाही आणि ही झिप. माझी पैज रॅमवर. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घालून त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. एकही एरर चालत नाही. 'दोनचार असतात' असं इथे नसतं.

आणि पुन्हा विचारतो, खरंच काही बदललं नाही?


दुपारची झोप | बुध, सकाळी ७:५०

मेमटेस्ट रात्री लावला. सकाळी स्क्रीनवर लालच लाल, २१७ एरर.

चहा घेताना मुलाला दाखवलं. तो फार वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'आई, मी एक पट्टी टाकली होती.'

मित्राने नवा पीसी घेतला, त्याची उरलेली ८ जीबीची पट्टी याने आणून आमच्या ८ जीबीच्या शेजारी बसवली. दोन महिन्यांपूर्वी. गेम अडकत होता म्हणून. मला सांगितलं नाही, कारण मी झाकण उघडू देणार नाही हे त्याला माहीत होतं. (खरं आहे, दिलं नसतं.) म्हणजे काही बदललं नाही असं मी तुम्हाला छातीठोकपणे सांगत होते! क्षमस्व.

फॉरमॅटनंतर आठ दिवस बरं का चाललं तेही कळलं. त्या आठवड्यात त्याची परीक्षा होती, गेम बंद. माझ्या कामाला एवढी मेमरी लागतच नाही.

नवी पट्टी खराब आहे म्हणजे, काढून टाकते.


अर्धविराम | बुध, सकाळी ८:२०

थांबा, एकेक करून तपासा. आधी फक्त जुनी, मग फक्त नवी, दोन्ही वेळा एकाच स्लॉटमध्ये. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे बरं झालं ते कधीच कळणार नाही. चोर धरल्याशिवाय शिक्षा नको.


दुपारची झोप | गुरु, रात्री ९:०५

दोन रात्री घालवल्या (मधली दुपारही). जुनी एकटी: शून्य एरर. नवी एकटी: शून्य एरर. दोघी निर्दोष! आता?


उंटावरचा शहाणा | गुरु, रात्री ९:०८

सासू-सून. वेगवेगळ्या राहिल्या तर दोघी देवमाणसं.


चिमटा | गुरु, रात्री ९:३०

शहाणे थट्टा करतायत, पण निदान जवळपास तेच आहे. मुलाला विचारा, पट्टी टाकल्यावर बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) जाऊन एक्सएमपी चालू केलं का. नव्या पट्टीवर वेग ३२०० लिहिलेला असणार, जुनीवर २६६६.

डीडीआर४ पट्टीचं नेहमीचं व्होल्टेज १.२. एक्सएमपी म्हणजे कंपनीने पट्टीत लिहून दिलेली जलद चाल, तिला बहुधा १.३५ व्होल्ट लागतात. दोन वेगळ्या पट्ट्या असल्या की काही बोर्ड नवीची चाल दोघींना लावतात. जुनी धावते, धापा टाकते आणि मधूनच एखादा बिट हातातून पडतो. एकटी असताना ती स्वतःच्या वेगाने चालते, म्हणून पास.

एक्सएमपी बंद करून दोन्ही लावा आणि पुन्हा टेस्ट. मात्र बायोसमध्ये शिरण्याआधी एक काम: डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची ४८ अंकी किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या. बायोसमध्ये काही बदललं की तो कधीकधी ती मागतो. तेव्हा शोधायला गेलात तर खातं त्याच कॉम्प्युटरवर उघडायचं असतं.


दुपारची झोप | गुरु, रात्री ९:४८

जुनीवर २६६६, नवीवर ३२००. न बघता कसं सांगितलंत? एक्सएमपी याने व्हिडिओ बघून चालू केलं होतं. किल्ली उतरवली, पाकिटात ठेवली. बंद करून रात्रीची टेस्ट लावतेय.


दुपारची झोप | शुक्र, सकाळी ७:३०

चार फेऱ्या, शून्य एरर. दोन्ही पट्ट्या २४००वर गुण्यागोविंदाने. गेमच्या वेगात मुलाला काडीचाही फरक जाणवत नाही म्हणे.


जुना रेडिओ | शुक्र, सकाळी ७:४५

वा! झाकण उघडलंतच तर धूळ काढलीत ना?


दुपारची झोप | शुक्र, सकाळी ७:५२

काढली काका. पातं धरून.


अर्धविराम | शुक्र, सकाळी ९:१५

अभिनंदन. पण एक वाईट बातमी द्यायची राहिली. दोन महिने नवरोबा फोटो हलवत होते म्हणालात. प्रत्येक फोटो त्याच रॅममधून गेलाय. बहुतेक ठीक असतील, पण काही बिघडले असू शकतात आणि फोटो झिपसारखी बोंब मारत नाही, गुपचूप बिघडतो. जुन्या डिस्कवरचे पुसलेत का?


दुपारची झोप | रवि, रात्री १०:३०

पंधरा दिवसांनी आलेय. एकदाही निळा पडलेला नाही (आता पडलाच तर काळा पडेल).

फोटोंचं सांगते. नवरा दोन रविवार एकेक फोटो उघडून बसला. पाच हजारांच्या वर होते. अकरा बिघडलेले सापडले. वरून निम्मा फोटो स्वच्छ, खालचा निम्मा राखाडी. एकात सासूबाई फक्त कपाळापर्यंत आहेत.

जुनी डिस्क पुसून कामाला घे, ड्रॉवरमध्ये जागा अडवून बसलीये, असं मी त्याला निदान तीनदा सांगितलं होतं. त्याने आळसाने पुसली नाही. अकराच्या अकरा तिच्यावर धडधाकट निघाले.


चिमटा | रवि, रात्री १०:४१

सगळंच तिच्यावरून नव्याने कॉपी करा, नुसते अकरा नव्हे. डोळ्यांना न दिसणारे बिघाडही असतात. आणि ती पुसू नका!


दुपारची झोप | रवि, रात्री १०:५५

पुसत नाही आता. चिकटपट्टी लावून मी त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'हात लावू नये'. आत्ता पाहिलं तर खाली त्याने बारीक अक्षरात भर घातलीये, 'मी तर आधीपासूनच लावत नव्हतो'.